कांट आणि दारातला खुनी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एमएच्या पहिल्या वर्षाला नीतिशास्त्र आहे. उपयुक्ततावाद (ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते योग्य, असं मानणारा) पटो न पटो, निदान कळतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटपाशी मात्र गाडी अडलीय.

१७९७ च्या निबंधातलं त्याचं उदाहरण माहीत असेलच. मित्र घरात लपलाय, खुनी दारात उभा राहून विचारतो, 'आहे का तो आत?' कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचं नाही. वर असंही, की तुम्ही 'नाही' म्हणालात, मित्र तेवढ्यात गुपचूप बाहेर सटकला आणि रस्त्यात खुन्याच्या हाती लागला, तर जबाबदार तुम्ही. (परिणामांवर नीती ठरत नाही म्हणणाऱ्यानेच हा हिशेब मांडावा, हे गमतीचंच.)

माझा प्रश्न असा: नियम सार्वत्रिक करता यावा, ही त्याची १७८५ ची कसोटी. मग 'निरपराधाचा जीव वाचवायला खुन्याशी खोटं बोलावं' हा नियम सगळ्यांनी पाळला तर बिघडतं कुठे? नियम किती बारीक कातरायचा, हे ठरवणार कोण? आणि माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, या त्याच्याच दुसऱ्या सूत्राने निकाल बदलतो का?

'गप्प राहावं' हे उत्तर नको. हो किंवा नाही म्हणणं भागच आहे, असं तिथे गृहीत धरलंय. कुणी हा विषय शिकवत असेल तर प्लीज जरा विस्ताराने सांगा. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे.