मेम्ब्रेनने पाणी प्यावे, पण किती?

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी : ‘हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधले जे मेम्ब्रेन (दोन बाजूंचे वायू वेगळे ठेवणारा पातळ पडदा) जास्त पाणी शोषते तेच उत्तम, वायू झिरपणे हा केवळ पातळपणाचा दोष,’ असे काल इथे ठासून लिहिले गेले, म्हणून हा प्रपंच. नॅफिऑन या नेहमीच्या मेम्ब्रेनमधील सल्फोनिक (आम्लधर्मी) गटांना प्रोटॉन पुढे सरकवायला पाणी लागते, हे खरे. पण त्याच ओल्या वाटांनी विरघळलेला हायड्रोजनही पलीकडे जातो. तिथे ऑक्सिजनशी गाठ पडून पेरॉक्साइड तयार होते आणि त्यात लोहाचा अंश मिसळला, की मेम्ब्रेनच पोखरले जाते.

मूळ लेखिका, शाहूपुरी : सर, कोरड्या मेम्ब्रेनमधून वीज कशी काढणार? ५० मायक्रॉन जाडीतून होणारी हायड्रोजनची गळती, विजेच्या मापात सांगायची तर, दर चौरस सेंटिमीटरला काही मिलिअँपिअरच असते. तिचा एवढा बाऊ कशाला?

फाउंड्री व्यावसायिक, शिरोली : आम्ही कास्टिंगमध्ये हवा भरून ते पाण्यात बुडवतो; बुडबुडा दिसला की छिद्र आहे. तुमच्याकडे छिद्रच नसताना वायू जातो, हे पटत नाही.

निवृत्त प्राध्यापक : तो विरघळून जातो, त्यामुळे बुडबुडा दिसणार नाही. मुळात बाईंनी पाणी मोजले कसे, ते आधी सांगावे.

मूळ लेखिका : भिजलेला तुकडा टिपकागदाने टिपून वजन केले. एप्रिलमध्ये तराजूवर ठेवताच आकडा उतरू लागतो आणि जुलैत कोरड्या तुकड्याचा आकडा डोळ्यांदेखत चढतो. या हवेत काम करून दाखवा, मग बोला!

निवृत्त प्राध्यापक : आवाज चढवल्याने मोजमाप सुधारत नाही. टिपताना एकाने दाबले आणि दुसऱ्याने नुसते टेकवले, तर दोघांचे आकडे जुळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. शिवाय द्रव पाण्यात एका सल्फोनिक गटामागे सुमारे २२ रेणू बसतात, तर संपृक्त वाफेत सुमारे १४. तुम्ही बुडवून मोजता आणि सेल वाफेवर चालवता.

मूळ लेखिका : वाफेचा मुद्दा मान्य करणे भाग आहे. परंतु सल्फोनेटेड पीईईके (तसेच सल्फोनिक गट जोडलेले दुसरे एक पॉलिमर) भरपूर पाणी घेऊनही नॅफिऑनपेक्षा कमी वायू सोडते, कारण त्यातील वाटा अरुंद असतात. म्हणजे सगळा दोष पाण्याच्या माथी मारता येत नाही.

निवृत्त प्राध्यापक : तेवढे खरे. मात्र तेच पीईईके गरम पाण्यात बेसुमार फुगते आणि ओले-कोरडे होता होता तडकते, हेही लिहा.

फाउंड्री व्यावसायिक : आणि जाडी भिजल्यावरची की कोरडी, तेही लिहा, त्याशिवाय दोघांचे आकडे शेजारी ठेवता येणार नाहीत.