रेशनच्या तांदळातले "प्लास्टिकचे" दाणे आई वेचून फेकतेय, खरं काय आहे?

वैनगंगाकाठ (१२ ऑगस्ट २०२४)

नमस्कार मंडळी, मी पुण्यात असते, आईबाबा गोंदियाकडे गावी. मागच्या आठवड्यात गेले होते तर बघितलं की आई रेशनचा तांदूळ सुपात घेऊन त्यातले काही दाणे एकेक करून वेचतेय आणि बाहेर टाकतेय. म्हटलं हे काय, तर म्हणे प्लास्टिकचे आहेत, अख्खं गाव असंच करतं, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पण आलाय. मी पण बघितले ते दाणे, रंगाला जरा वेगळे, गुळगुळीत, आणि तांदूळ धुताना खरंच वर तरंगतात. आम्ही धानाच्या पट्ट्यातली माणसं, दोन्ही वेळ भात लागतो, म्हणून जास्त काळजी वाटते. त्यात आईचं हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत ८ निघालंय. कुणाला नक्की माहिती असेल तर प्लीज सांगा.

अंगणवाडीवाली

ताई, आधी आईला फोन करा आणि वेचणं थांबवायला सांगा. ते प्लास्टिक नाहीये, पोषक दाणे आहेत ते. तांदळाचंच पीठ घेतात, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ मिसळतात आणि मशीनमधून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. १०० दाण्यांमागे साधारण १ असा मिसळलेला असतो, म्हणजे ५ किलोत जेमतेम ५० ग्रॅम. साध्या दाण्यापेक्षा हलका असतो म्हणून तरंगतो. आमच्या गडचिरोलीत हा तांदूळ आधी प्रयोग म्हणून आला होता तेव्हापासून मी हेच समजावतेय, आणि अजूनही बाया सूप घेऊन बसलेल्या दिसल्या की जीव तुटतो हो, कारण ज्या बाईला रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्यात तीच बाई लोहाचे दाणे वेचून कोंबड्यांना टाकत असते. चूक तिची नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टला असा तांदूळ देण्याची घोषणा झाली, मार्च २०२४ पर्यंत रेशनचा सगळा तांदूळ असाच झाला, पण घरी येऊन दोन मिनिटं कुणी सांगितलं नाही.

शिजवताना जास्तीचं पाणी ओतून देऊ नका, पाणी बेताचंच घाला. आणि जेवणावर लगेच चहा नको, लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आपल्या भागात सिकलसेल बरंच आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

कोरडवाहू_लातूर

दाणे वेचू नका हे बरोबरच, पण एवढ्यावर आईचं हिमोग्लोबिन वाढेल असं कुणी समजू नये म्हणून लिहितो. या तांदळात किलोला २८ ते ४२ मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर मिळतं ४ ते ६ मिलिग्रॅम, आणि बाईची रोजची गरज धरलीय २९. बाकीचं कुठून येणार? डाळ, पालेभाजी, अंडं, मटण, बाजरी, यातूनच ना? २०२४ मध्ये तूरडाळ किलोला दीडशेच्या वर गेली होती. रेशनला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं ते चांगलंच आहे, लॉकडाऊनमध्ये त्याच्यावरच कित्येक घरं तगली, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य आहे, डाळ नाहीच. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलोने देतात, मग तूर पिकवणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला ती रेशनवर का मिळू नये? आणि भरड धान्य कायद्यात १ रुपया किलो लिहिलंय, पण आमच्या गावात ज्वारी पिकते आणि दुकानात वर्षानुवर्षं गहू-तांदूळच येतो.

हे आपल्याकडचंच नाही म्हणा. संयुक्त राष्ट्रांचा जुलै २०२४ मध्ये अहवाल आला त्यात २०२२ मध्ये जगातल्या २८० कोटींवर लोकांना सकस आहार परवडत नव्हता असं आहे. पोट भरतंय पण अंगाला लागत नाही. आपल्या राज्यात २०१९ ते २१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका अ‍ॅनिमिक (रक्त कमी असलेल्या) निघाल्यात, म्हणजे निम्म्याहून जास्त.

अंगणवाडीवाली

दादा तुमचं पटतंय, गोळ्या आणि डाळीला पर्याय नाहीच. फक्त एवढंच की डाळ येईल तेव्हा येईल, हा दाणा आज घरात आलेला आहे, तो तरी पोटात जाऊ दे. आणि ताई, ८ म्हणजे कमी आहे, तांदळावर थांबू नका, उपकेंद्रात न्या, तिथं लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात.

वैनगंगाकाठ (१४ ऑगस्ट)

मनापासून धन्यवाद दोघांना. काल रात्री आईला व्हिडिओ कॉल केला, आधी ऐकेचना. मग म्हटलं ते वेचलेले दाणे वाटीत घाल आणि कुकरमध्ये वरणाच्या डब्यावर ठेव. तीन शिट्ट्या झाल्यावर कॅमेऱ्यासमोर तिने बोटाने दाबून बघितले, मऊ भात झाला होता. प्लास्टिक असतं तर असं दबलं असतं का, असं तीच म्हणाली. मग शेजारच्या काकूंना पण बोलावून दाखवलं. उपकेंद्रात सोमवारी बाबा घेऊन जाणार आहेत. आता गोळ्या सुरू झाल्यावर परत तपासणी किती दिवसांनी करायची असते?