ऑडिओ + एकच फोटो + सबटायटल, फाईल लहान कशी ठेवायची?

आळशी_बोका
मंडळी, तासाभराचं व्याख्यान आहे, नुसता ऑडिओ. त्यावर एकच फोटो ठेवून खाली मराठी सबटायटल टाकायचेत, एसआरटी (वेळेसकट सबटायटलची फाईल) तयार आहे. पण एडिटरमधून एक्स्पोर्ट केलं की फाईल शेकडो एमबीची होते, आणि चित्र तर जागचं हलत पण नाही!! एफएफएमपेग (कमांड देऊन व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) आहे माझ्याकडे.

पाटीपेन्सिल
फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमी कर की. फोटोला लूप १ (तोच फोटो परत परत) आणि फ्रेमरेट २ दे, पण हे फोटोच्या इनपुटच्या आधी लिही, नाहीतर ते आधी सेकंदाला २५ फ्रेम रेंडर करत बसतं आणि मग फेकून देतं, वेळ फुकट. एक्स२६४ ला (व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर) ट्यून स्टिलइमेज, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी (नाहीतर काही फोनवर चालतच नाही), फोटोची लांबी-रुंदी सम आकड्यात, आणि शेवटी शॉर्टेस्ट (ऑडिओ संपला की व्हिडिओ थांबतो), कारण लूप लावल्यावर फोटो काही संपत नाही.
आता उरलं वजन ते जवळपास सगळं ऑडिओचं. बोलणंच आहे तर मोनो कर, एएसी (ऑडिओचा फॉरमॅट) ४८ केबीपीएस, तासाला साधारण २२ एमबी.

कानोकानी
सबटायटल चित्रात छापायचे कशाला पण? एमपी४ मध्ये वेगळा ट्रॅक म्हणून टाक, मूव्ह टेक्स्ट (mov_text, एमपी४ मधला सबटायटलचा फॉरमॅट). काही केबीचं काम, आणि शुद्धलेखन चुकलं तर सगळं परत एन्कोड करावं लागत नाही.

पाटीपेन्सिल
ते बरोबरच आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणार असेल तर तो ट्रॅक दिसायचा नाही. तिथे छापलेलंच लागतं.

आळशी_बोका
व्हॉट्सअ‍ॅपसाठीच आहे, म्हणजे छापतो. २ फ्रेमरेटने अक्षरं उशिरा नाही ना येणार?

पाटीपेन्सिल
फार तर अर्धा सेकंद इकडेतिकडे, व्याख्यानाला चालतं. गाणं असतं तर ५ तरी ठेव म्हटलं असतं.

रातपाळी
आधी अर्ध्या मिनिटाचाच तुकडा काढून जोडाक्षरं बघ. एफएफएमपेगच्या बिल्डमध्ये लिबअ‍ॅसला (सबटायटल चित्रात छापणारी लायब्ररी) हार्फबझची (जोडाक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) जोड नसेल तर पाय मोडलेली अक्षरं आणि वेलांट्या भलतीकडे, वाचवत नाही अगदी. एसआरटी यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह कर, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा.
अजून एक, कीफ्रेम (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम, सरकवताना व्हिडिओ तिथूनच सुरू होतो) डीफॉल्टला २५० फ्रेमपर्यंत लांबतात, म्हणजे २ च्या रेटने दोन मिनिटांच्या वर, मग पुढेमागे सरकवताना व्हिडिओ अडखळतो. -g २० (दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त किती फ्रेम) दे, दर १० सेकंदाला कीफ्रेम. साईझ थोडी वाढेल, फोटो फार बारीक तपशिलाचा असेल तर जरा जास्तच, तेव्हा साधा फोटो घे.