डोंगरमाथ्यावरच्या कालव्यात पाणी यायचं कुठून?

प्रश्न
फ्रान्सच्या कनाल द्यू मिदीबद्दल वाचतोय. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारे 240 किमीचा कालवा, मधे नॉरूझच्या खिंडीत सगळ्यात उंच भाग. लॉक (होडी चढवायची-उतरवायची दारं असलेली टाकी) उघडलं की पाणी दोन्हीकडे खालीच जाणार ना, मग माथा कोरडा कसा पडत नव्हता? सतराव्या शतकात एवढं पाणी वर चढवणारे पंप तर नव्हते.

उत्तर 1
कळीचा प्रश्न आहे हा. होडी माथ्यावर चढताना एक लॉकभर पाणी जातं, पलीकडे उतरताना अजून एक, पाझर आणि बाष्पीभवन वेगळंच, म्हणजे माथ्यापेक्षाही उंचावरून सतत पाणी आणायलाच हवं. कालवा बांधणाऱ्या रिकेने जवळच्या मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवले आणि पाटाने नॉरूझला आणले. पाट डोंगराच्या कडेकडेने, अगदी मंद उताराने वळणं घेत जातो, कारण उतार थोडा जास्त झाला तरी पाणी खिंडीच्या खाली निघणार. 1665 मध्ये आधी छोटी चर खणून पाणी खरंच पोचतं का ते बघितलं, 1666 मध्ये राजाचा हुकूम निघाला. माझ्या मते कालव्यापेक्षा हा पाट मोठं काम आहे.

उत्तर 2
पण नुसत्या पाटाने भागत नाही, उन्हाळ्यात ओढे आटतात. म्हणून डोंगराकडे सें-फेरेओलचं धरण बांधलं, 1667 ते 1672. दगडी भिंती तीन, त्यांच्या मधे मातीचा भराव, लांबी जवळपास 780 मीटर. धरणाच्या पोटात बोगदा आहे, त्यात ब्राँझचे मोठे नळ, ते उघडले की साठलेलं पाणी पाटात. तेही पुढे कमी पडलं, मग 1782 मध्ये लांपीचं धरण झालं.

प्रश्नकर्ता
भारी! पण मग साठा नॉरूझलाच का नाही केला, एवढं लांब कशाला?

उत्तर 1
तिथे अष्टकोनी तलाव बांधला होता हो, पण पाटातून येणाऱ्या गाळाने भरला आणि सोडून द्यावा लागला. धरणात निदान गाळ वर डोंगराकडेच बसतो. रिके 1680 मध्ये गेला, कालवा 1681 मध्ये उघडला, बिचाऱ्याला तो पूर्ण झालेला बघायला मिळालाच नाही, फार वाईट वाटतं.

उत्तर 3
चीनच्या ग्रँड कॅनॉलवर हेच 1411 मध्ये झालंय. नान्वांगचा माथा कोरडा पडायचा, तेव्हा बाय यिंग नावाच्या गावकऱ्याच्या सल्ल्याने सोंग ली या मंत्र्याने वन नदीवर बंधारा घालून पाणी माथ्यावर आणलं आणि तिथून उत्तर-दक्षिण वाटून दिलं. जमिनीचा चढउतार पायाखालून ओळखणारा माणूस होता हा बाय यिंग.