हाताला मुंग्या, रात्री दंडापर्यंत कळ. मानेचं की मनगटाचं?

भांडुपकर:
मंडळी, आईचं (वय 56) गेलं वर्षभर उजव्या हाताचं दुखणं चालू आहे. मुंग्या येतात, रात्री कळ पार दंडापर्यंत चढते, मग उठून हात झटकत बसते. हल्ली लाटणंही हातातून सुटतं. मानेच्या एमआरआयमध्ये सी5-सी6 ला (मानेचे पाचवा-सहावा मणका) बल्ज, म्हणजे मधली गादी बाहेर फुगलेली, आला म्हणून मानेला पट्टा दिलाय, पेनकिलर चालू आहेत, फरक शून्य. आता ऑपरेशन सुचवतायत. काय करावं?

फिजिओताई:
मानेचं ऑपरेशन? थांबा जरा. मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत येतात ते आधी सांगा. पन्नाशीनंतर बल्ज कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसतो, ज्यांची मान कधी दुखलेलीही नसते.

भांडुपकर:
अंगठा आणि पुढची दोन बोटं. करंगळीला काहीच नाही.

फिजिओताई:
मग मनगटात मीडियन नर्व्ह (अंगठ्याकडच्या बोटांची नस) दबत असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कार्पल टनेल. करंगळी बधिर झाली असती तर कोपरातल्या अल्नर नर्व्हवर संशय घेतला असता. रात्री जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं हे अगदी त्याचंच, आणि कळ वर दंडापर्यंतही जाते. पण मानेतली सी6 नस दबली तरी अंगठ्यातच मुंग्या येतात, म्हणून न्यूरोलॉजिस्टला दाखवून एनसीव्ही तपासणी करा. बारीक शॉक देऊन नर्व्हचा वेग मोजतात, आई थोडी वैतागेल पण सहन होतं. शुगर, थायरॉईड, बी12 पण बघून घ्या.

विरार_फास्ट:
माझं मानेचंच निघालं होतं, प्रेगाबालिन, म्हणजे नर्व्हच्या दुखण्याची गोळी, दिलं. नर्व्हच्या दुखण्यावर साध्या पेनकिलर फारशा चालत नाहीत. गुण आला पण झोप इतकी यायची की दादरला उतरायचं तर थेट चर्चगेट 😄 आणि ती गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

फिजिओताई:
हो, पण कार्पल टनेलला आधी रात्रीचा स्प्लिंट, मनगट सरळ ठेवणारा. त्याने भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. मात्र लाटणं सुटतंय ते अंगावर काढू नका. दोन्ही तळवे शेजारी ठेवून अंगठ्याखालचा उंचवटा बघा, उजवीकडचा बसलेला वाटला तर हँड सर्जनला लवकर दाखवा, ते मनगटाचं ऑपरेशन छोटं असतं.

भांडुपकर:
आत्ताच बघितलं, उजवीकडे किंचित सपाट वाटतंय. खर्चाचंही बघायचंय, केईएमला न्यूरोलॉजी ओपीडी आहे ना?

विरार_फास्ट:
आहे, परळला. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. एमआरआयची फिल्म बरोबर घ्या, नुसता रिपोर्ट नको.