'रायगडाला जेव्हा जाग येते': आवाज न चढवता महाराज कसे उभे करावेत?

गिरगावकर:
चाळीच्या गणेशोत्सवात वसंत कानेटकरांच्या या नाटकातला बापलेकाचा प्रवेश बसवतोय. मी महाराज करतोय. संभाजी करणारा पोरगा तडफदार आहे, त्याच्यापुढे माझाही आवाज चढतो आणि नुसतं भांडण दिसतं. आतून तुटलेला बाप कसा दाखवू?

विंगेतला:
१९६२ पासून काशिनाथ घाणेकरांचा संभाजी एवढा गाजला की सगळे तिकडेच धावतात. पण माझ्या मते नाटकाचा भार बापावर आहे. इतिहास डोक्यात ठेवा. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मुघल सरदार दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परतले, पन्हाळ्यावर भेट झाली आणि एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. मनं जुळायला वेळच उरला नव्हता.
तालमीत एवढंच करा: तो बोलत असताना त्याच्याकडे बघू नका. त्याचं शेवटचं वाक्य संपलं की मान वळवा, एक श्वास जाऊ द्या, मग खालच्या पट्टीत बोला. हातवारे पूर्ण बंद.

पार्लेकरीण:
आमचे बाबा भावाशी अबोला धरायचे, पण रात्री आईला हळूच विचारायचे, "तो जेवला का?" तो स्वर पकडा, दादा.

गिरगावकर:
काल करून पाहिलं. मी मान वळवायला उशीर केला तसा पोरगाच खालच्या पट्टीत आला! आता अडचण एकच, मागच्या खुर्च्यांना ऐकू जात नाही.

विंगेतला:
पट्टी तीच ठेवा, वाक्याचा शेवट गिळू नका. आणि माइकच्या जवळची जागा तुम्ही घ्या, संभाजीला मागे ठेवा.