मणक्याचं फ्रॅक्चर, खुंटीवरचा पट्टा आणि तोंडावर आलेले गणपती : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा (वय ६१) मे महिन्यात हापूसच्या कलमावरून पडले. दहा-बारा फुटांवरून, थेट बुडावर. घरात दापोली विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) आहे, पण शेंड्याचे चार आंबे त्यात येईनात म्हणून वर चढले. चार आंब्यांसाठी! असो.

एमआरआयमध्ये एल-१ (कंबरेचा पहिला) मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला. मज्जारज्जू वाचला, पायांत ताकद होती, म्हणून ऑपरेशन टळलं. १२ आठवडे टेलर ब्रेस (पाठ ताठ ठेवणारा पट्टा), वाकणं आणि ओझं बंद. छातीकडचा कणा बरगड्यांमुळे ताठ, कंबरेचा हलता, त्यामुळे पडल्यावर मार बहुतेक या दोन्हींच्या सांध्यावरच येतो, असं डॉक्टर म्हणाले.

पहिला महिना वाईट गेला. कूस बदलायची तर खांदे आणि कंबर एकदम, ओंडका वळवल्यासारखी. मी आणि आई दोघं लागायचो. त्यात वेदनाशामक गोळ्यांनी पोट गच्च.

आता ११ आठवडे झालेत आणि दुखणं जवळजवळ थांबलंय. घोळ तिथेच आहे. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं, हे बाबांचं शास्त्र. पट्टा खुंटीला असतो. काल भरलेली कळशी उचलताना पकडले. गणपती महिन्यावर आलेत, गणपतीच्या शाळेतून (मूर्ती घडवतात तिथून) मूर्ती डोक्यावरून आपणच आणणार आणि पाटावर बसून पूजाही करणार म्हणतात. शेजारचे काका मालिशवाल्याकडे चला म्हणून मागे लागलेत, ते वेगळंच.

तुमच्या घरी पट्टा कसा सोडवला? मांडी घालून बसणं कधी सुरू केलं? फिजिओ ३५ किलोमीटरवर आहे, रोज जमणार नाही.

प्रतिसाद १
सासूबाईंचं डी-१२ (छातीकडचा शेवटचा मणका) होतं. मालिश अजिबात नको. पट्टा मनाने काढू नका आणि एकदम तर नकोच, त्यात पाठीचे स्नायू आळसावलेले असतात. आमच्याकडे एक्स-रे बघून आधी घरात तासभर, मग वाढवत नेलं. फिजिओकडे एकदा जाऊन व्यायामाचा व्हिडिओ काढून आणा. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाय लुळे पडले तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २
गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. मूर्ती उंच टेबलावर, बाबा खुर्चीत. संकल्प त्यांनी सोडावा, खाली वाकायची कामं तुम्ही करा. गुरुजींनी सांगितलेलं ऐकतात, मुलाचं नाही!

धागाकर्ता
दोघांचे आभार. मंगळवारी एक्स-रे आहे. खुर्चीवर तह झालाय. मूर्ती मी आणणार, बाबा पट्टा बांधून पुढे झांज वाजवत चालणार म्हणे. तेवढं चालेल का, हेही मंगळवारी विचारतो.